व्हेज भाडेकरू पाहिजे

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. २००५ च्या मार्चमध्ये मी एका बाईंना घर भाड्याने द्यायचं नाकारलं, त्या काळ्या होत्या म्हणून. कारण तेवढं एकच होतं. त्या वेळी मी स्वतःला दिलेली बाकीची कारणं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे ती मध्ये मध्ये घुसणार नाहीत: घराची रीसेल व्हॅल्यू, शेजाऱ्यांचं मन, नवीन कार्पेट. आणि दोनच महिन्यांपूर्वी मी त्याच बाईंच्या समोर, स्टेजवर उभा राहून, माणसामाणसांतल्या भेदाविरुद्ध बोललो होतो. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

भाषण माझ्याकडे कसं आलं ते सांगायला हवं, कारण वक्ता म्हणून मला कुणी ओळखत नव्हतं. मी मोटारींच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर. मीटिंगमध्येसुद्धा मी शक्यतो मान हलवून भागवतो. पण जानेवारीतला तिसरा सोमवार आला की अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बर गावात भारतीय माणसाला अचानक भाव येतो. काळ्यांच्या हक्कांच्या लढ्याची आठवण ठेवण्याचा तो दिवस. लायब्ररीत, चर्चमध्ये, शाळांत कार्यक्रम असतात, आणि प्रत्येक आयोजकाला वाटतं की अहिंसेच्या देशातला एक तरी नमुना स्टेजवर असावा. आमच्या मराठी मंडळाला दरवर्षी विचारणा होई, आणि दरवर्षी पंचाईत होई, कारण त्या सोमवारी सुट्टी असते. जोडून आलेल्या तीन दिवसांत निम्मं मंडळ आउटलेट मॉलला जाई आणि उरलेलं निम्मं मुलांना स्कीइंग शिकवायला.

"तू जा ना यार," मंडळाचा खजिनदार मला म्हणाला. तो माझा वीस वर्षांपासूनचा मित्र. "तुझे आजोबा जेलमध्ये गेले होते. आमच्याकडे जेलमध्ये गेलेलं कुणीच नाही. एक चुलत मामा गेला होता, पण तो बँकेच्या भानगडीत."

"मला बोलता येत नाही रे."

"बोलायचं कुठंय? आजोबा सांगायचे आणि बसायचं. खादीचा कुर्ता आहे?"

कुर्ता होता. मेहुणीच्या लग्नात मिळालेला. मी तो दोन थर्मलवर चढवला, त्यामुळे मी स्वातंत्र्यसैनिकापेक्षा हलवायासारखा दिसत होतो.

आजोबांची गोष्ट मात्र खरी होती. बेचाळीसमध्ये ते आठ-नऊ महिने तुरुंगात होते. आमच्या घरात हा तुरुंगवास तीन पिढ्यांनी पुरवून पुरवून वापरला. वडिलांनी तो शाळेच्या ॲडमिशनला वापरला, काकांनी गॅसच्या सिलिंडरसाठी, आणि मी अमेरिकेत मुलीच्या ‘फॅमिली हिस्टरी’ प्रोजेक्टसाठी. तिला ए प्लस मिळाला होता.

त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये मी कागदावरून वाचत होतो. पहिल्या पाच मिनिटांत लोक विनम्रपणे झोपेला आले. मग मी कागदात नसलेलं एक सांगून गेलो. आजोबा सुटून आले तेव्हा गावात त्यांना भाड्याने खोली मिळेना. पोलिसांची नजर असलेला माणूस घरात कोण घेणार? जिथे जावं तिथे मालक म्हणे, आत्ताच दिली हो खोली. "आणि आजोबा मागे वळून बघत," मी म्हणालो, "तर ‘खोली देणे आहे’ ही पाटी तिथेच लटकत असे."

हॉलमध्ये काहीतरी झालं. "म्म्म्म," असा आवाज आला, पोटातून आल्यासारखा. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सांगा, सांगा." मंडळात मी पस्तीस तरी आभारप्रदर्शनं ऐकली आहेत, पण ‘सांगा, सांगा’ कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं. मी सांगतच सुटलो. शेवटी लोक उठून उभे राहिले.

कार्यक्रमानंतर एका बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पासष्टीच्या असतील, करड्या केसांच्या, शाळामास्तरणीची ताठ मान. कोण ते मला नंतर कळलं: अमेरिकेच्या दक्षिणेत आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या आणि त्याआधी, एकोणीस वर्षांच्या असताना, गोऱ्यांसाठी राखलेल्या खाणावळीच्या स्टुलावर बसल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या. त्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, "ती पाटी. ती पाटी मी ओळखते."

गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट वॉज ॲक्चुअली गुड." सतरा वर्षांच्या मुलीकडून ‘ॲक्चुअली’सकट का होईना, ‘गुड’ मिळालं. मी आठवडाभर हवेत होतो.

आता घराकडे येतो. आम्ही आधी ज्या टाउनहाउसमध्ये, ओळीनं जोडून बांधलेल्या घरांपैकी एकात, राहायचो, ते नव्या घरात गेल्यावर भाड्याने देत असू. त्या फेब्रुवारीत ते रिकामं झालं. बायकोनं लायब्ररीच्या बोर्डावर चिठ्ठी लावली, मी मंडळाच्या ईमेलवर टाकलं. भाडेकरू निवडायची आमची एक पद्धत होती. कुणी शिकवत नाही, पण इथल्या आपल्या प्रत्येक घरमालकाला येते. कायदा इथे कडक. वंश, रंग, धर्म, काही म्हणजे काही विचारायचं नाही. म्हणून आम्ही कायद्याला जराही धक्का न लावता फोनवर विचारतो: व्हेज का? मूळचे कुठले? कुळदैवत कुठलं हो तुमचं? तीन उत्तरांत समोरच्याची सात पिढ्यांची कुंडली निघते. त्यातही ‘व्हेज’ हा सगळ्यांत सोयीचा. बाकीचं न बोलता भागतं. वासाचा प्रश्न, कार्पेटचा प्रश्न. वासाविरुद्ध अजून कुणी कायदा काढलेला नाही.

एका संध्याकाळी फोन आला. इंग्रजी स्वच्छ, प्रत्येक शब्द पाटीवर खडूनं लिहिल्यासारखा. बाईंनी लायब्ररीतली चिठ्ठी पाहिली होती. मुलगी गावात नर्स आहे, मे महिन्यात तिला जुळं होणार आहे, जावई मिलिटरीत, लांब. म्हणून सध्या तिच्याकडे पाहुण्या असलेल्या त्या कायमच्या इकडे येतायत. मी माझा प्रश्न टाकला.

"एक विचारू? तुम्ही शाकाहारी आहात का?"

"तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "का हो, बाग आहे का?"

मी खूश. माझ्या खुशीतलं उरलेलं निम्मं कारणही लिहितो, नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही. आवाजावरून मला बाई गोऱ्या वाटल्या. गोरा भाडेकरू म्हणजे आमच्यात लॉटरी. आपले लोक भाड्यात घासाघीस करतात, नळ गळला तर काका-काकू करत घरी येऊन बसतात. गोरा माणूस चेक पाठवतो आणि नळ स्वतः दुरुस्त करतो. तुरुंगात गेलेल्या आजोबांचा नातू गोरी भाडेकरीण मिळाली म्हणून स्वयंपाकघरात शीळ घालत होता.

"कोण आहे?" बायकोनं विचारलं.

"व्हेज आहे," मी म्हणालो. "अमेरिकन."

शनिवारी आम्ही दोघं टाउनहाउसवर थांबलो होतो, बेल वाजली. दारात त्या उभ्या. मी ओळखायच्या आत त्यांनीच ओळखलं.

"अरे! आजोबांचा नातू!" त्या हसल्या, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी खाली वाकून बूट काढायला घेतले. गुडघा दुखत होता, भिंतीला धरून काढले. "तुमच्यात घरात बूट चालत नाहीत ना? माझ्या शेजारी गुजराती होते."

बायकोनं त्यांना घर दाखवलं. मी मागे मागे फिरत होतो, प्लंबरच्या मागे फिरतात तसा. तळमजल्यावर एक बेडरूम होती, आणि तीच त्यांना हवी होती, कारण जिने चढणं होत नव्हतं. त्या खिडकीशी गेल्या. मधल्या हिरवळीपलीकडे अपार्टमेंटच्या तीन इमारती दिसतात. "ती मधली," त्या बायकोला म्हणाल्या, "दुसरा मजला, डाव्या हाताला. माझी मुलगी. बाळं रडायला लागली तर इथून दिवा लागलेला दिसेल मला. स्लिपर घालून पोचेन."

"अगंबाई," बायको मला मराठीत म्हणाली, "यांच्यासाठीच बांधलंय जसं काही."

बाईंनी पर्स उघडली. "चेक आत्ता देऊ?"

"उद्या कळवतो," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही कुणाला कधी ‘उद्या कळवतो’ म्हणत नसू. चेक दिसला की मी पेन काढतो.

त्या गेल्या आणि तासाभरात खजिनदाराचा फोन. तो त्याच ओळीत राहायचा. त्या गल्लीत मंडळाची चार घरं होती.

"कोण आलं होतं रे?"

"भाड्यासाठी."

"हां, बघितलं. नाही म्हणजे, माझं काही नाही हं. मी तर तुझ्या भाषणाला सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. पण तू बघ. उद्या पाहुणे येणार, गाड्या येणार, म्युझिक. आम्हाला दोन वर्षांत विकायचंय. घ्यायला येणारा आधी आजूबाजूला बघतो ना."

"बाई टीचर आहेत. व्हेज आहेत."

मग तो म्हणाला, "कशावरून?"

इथे मी हसायला हवं होतं, किंवा फोन आपटायला. मी म्हणालो, "बघतो."

लोक म्हणतील, मित्रानं भरीस घातलं. तसं नाही. त्यानं फोन केला तेव्हा माझं ठरलेलं होतं. दार उघडल्यावर त्या दिसल्या, तेव्हाच मी मनात नाही म्हटलं होतं आणि ‘उद्या कळवतो’ त्यातूनच आलं होतं. मित्रानं फक्त शब्द पुरवले. मला शब्द कमीच सुचतात.

रविवारी दुपारी बायको देवळात गेली असताना मी फोन लावला. इंजिनिअर माणूस, खोटं बोलायचं तर तयारी करून बोलावं. मी तयारी केली नाही. तोंडातून जे आलं ते आमच्या घरात पिढ्यानपिढ्या ऐकलेलं वाक्य होतं.

"सॉरी," मी म्हणालो, "घर आत्ताच दिलं. काल संध्याकाळी."

ते कुठलं वाक्य आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. चर्चमध्ये मीच सांगितलं होतं, माईकवर.

"आणि पाटी?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "अजून लटकतेय का?"

लायब्ररीतली चिठ्ठी अजून बोर्डावर होती. मी म्हणालो, "काढायची राहिलीय."

"बरं. मला एक सांगा, त्या दिवशी विचारायचं राहून गेलं. तुमच्या आजोबांना शेवटी खोली दिली कुणी?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

हेही खोटं. मला माहीत होतं, फक्त तेवढा भाग आमच्या घरात सांगत नाहीत. आजोबांना खोली एका खाटकानं दिली होती. खाटीक आळीत, दुकानाच्या वरची माडी. आजी-आजोबांनी तिथे दोन वर्षं काढली, माझे काका तिथेच जन्मले. खाटकाची बायको आजीच्या बाळंतपणाला उशाशी होती. पण पुढे आमचं सगळं स्थिरस्थावर झालं, शाकाहारी म्हणून मिरवायला लागलो, आणि गोष्टीतून खाटीक गळाला. उरली ती फक्त पाटी. पाटी सांगितली की आपण सोसलेलं दिसतं. खाटीक सांगितला की आपण कुणाचे मिंधे होतो ते दिसतं. कुठलं भाषणात घ्यायचं हे शिकवावं लागत नाही.

"त्यांना मिळाली हे महत्त्वाचं," त्या म्हणाल्या. "गुड डे, सर."

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "अहो, त्या बाईंचं काय झालं?"

"त्यांनी दुसरीकडे बघितलं."

"असं कसं? खिडकीपाशी किती खूश होत्या."

"लोकांचं काही सांगता येत नाही," मी म्हणालो. बायकोनं विषय सोडला. माझ्या गप्प राहण्याची तिला इतकी सवय आहे की त्यात एखादं खोटं सहज लपतं.

घर मग दोन महिने रिकामंच पडलं. मेमध्ये आपलंच एक जोडपं मिळालं. मूळचे, कुळदैवत, सगळं जुळलं. प्युअर व्हेज, असं स्वतःहून सांगितलं. जुलैत मी घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला गेलो, तर घरभर सुरमई. पडद्यात सुरमई, कार्पेटमध्ये सुरमई.

"तुम्ही व्हेज ना?" मी म्हणालो.

"व्हेजच काका," मुलगा म्हणाला. "फक्त बुधवार, शुक्रवार, रविवार नाही. आणि पाहुणे आले तर."

खजिनदाराची काही तक्रार नव्हती. रविवारी तो तिथेच जेवायचा.

बाईंना घर मिळालं ते गावाबाहेर, हायवेपलीकडच्या वस्तीत. मुलीकडे यायला दोन बस. हे मी कुणाला विचारून शोधलं नाही, मला ते दिसलं. डिसेंबरमध्ये ऑफिसला जाताना मोठ्या सिग्नलजवळच्या बसस्टॉपवर त्या उभ्या होत्या. बर्फ पडत होता. एका खांद्याला लहान मुलांच्या सामानाची फुगलेली बॅग, दुसऱ्या हातात काठी. काठी मार्चमध्ये नव्हती. सिग्नल लाल होता, माझी गाडी त्यांच्यापासून पाचसहा हातांवर, आत हीटर, शेजारची सीट रिकामी. मी रेडिओचं बटण चाचपत बसलो. रेडिओ बंद होता आणि मी तो लावलाही नाही. हिरवा झाल्यावर निघालो. त्या हिवाळ्यात त्या मला बऱ्याचदा दिसल्या. मग मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलो. तो लांबचा पडतो. बायकोला सांगितलं, इकडे ट्रॅफिक कमी असतं.

जानेवारीत मला पुन्हा भाषणाचं बोलावणं आलं. मागच्या वर्षी फार छान झालं म्हणे. नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, कारण काय सांगून नाही म्हणणार? आणि खरं सांगायचं तर ते ‘सांगा, सांगा’ पुन्हा ऐकायचं होतं.

हॉलमध्ये शिरलो तर तिसऱ्या रांगेत त्या. मांडीवर एक बाळ, शेजारी नर्सच्या कपड्यातली मुलगी, तिच्या मांडीवर दुसरं. मी आजोबांना अटक केली, तुरुंगात टाकलं, सोडवलं आणि सरळ पंधरा ऑगस्टवर आणून उभं केलं. खोलीचा भाग गाळला. लोकांनी टाळ्या वाजवल्याच. उभेही राहिले. त्यातून मला कळलं की गेल्या वर्षीसुद्धा काही जण सवयीनंच उठले असतील.

"बाबा, व्हाय डिड यू कट द रूम पार्ट?" कॉलेजमधून सुट्टीला आलेली मुलगी म्हणाली. "दॅट वॉज द बेस्ट पार्ट."

"वेळ कमी होता."

"यू फिनिश्ड अर्ली."

कोट घालायच्या जागी गर्दी होती. बाई माझ्या समोर आल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात बाळ, आणि कोटाची बाही सापडत नव्हती. "धरता का जरा हिला?" म्हणून त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं. काही खोच नव्हती त्यात. जवळ मी होतो, एवढंच. बाळानं माझ्या खादीच्या कुर्त्याचं बटण मुठीत पकडलं. त्या एकेक बाही घालत होत्या, सावकाश, आणि माझ्याकडे बघत होत्या. घाई अजिबात नव्हती. मी बोलावं म्हणून त्यांनी तो वेळ काढला असं मला वाटतं. कदाचित खांदाच दुखत असेल. मला एक वाक्य बोलायचं होतं. ‘मी तुमच्याशी खोटं बोललो’, इंग्रजीत चार शब्दांचं.

मी म्हणालो, "थंडी फार आहे यंदा."

"हो," त्या म्हणाल्या. "बसस्टॉपवर जास्त वाटते. गाडीत तेवढी नसेल." बाळाची मूठ त्यांनीच सोडवली.

मग २००८ चा नोव्हेंबर आला. देशानं पहिला काळा राष्ट्राध्यक्ष निवडला त्या आठवड्यात मंडळाची दिवाळी होती. खजिनदारानं स्टेजवरून ऐतिहासिक क्षणाबद्दल भाषण केलं. त्याचा आवाज भरून आला, आणि तो खोटा नव्हता. तो खरंच हलला होता. मीही हललो होतो. पेढे वाटले. शेजारच्या टेबलावर एक जण दुसऱ्याला विचारत होता, टाउनहाउस रिकामं होतंय का, आणि दुसरा म्हणत होता, होतंय, पण व्हेज हवं हं. मी माझा पेढा खाल्ला.

त्या रात्री मी ठरवलं की फोन करायचा. नंबर माझ्याकडे होता. बायको पलीकडे बसून दिवाळीचे डबे पुसत होती आणि मी फोन हातात घेऊन म्हणालो, "जरा गाडीत तेल आहे का बघून येतो." गॅरेजमध्ये गाडीत बसलो, नंबर लावला, पहिल्या रिंगला ठेवला. पुढच्या वसंतात कळलं की जावई कायमचा परत आला, त्यांनी दक्षिणेत घर घेतलं आणि बाई त्यांच्याबरोबर गेल्या. जिने नसलेलं घर आहे म्हणे. हे चर्चमधल्या आयोजक बाईंनी सांगितलं आणि न मागता नवा पत्ताही दिला. "त्या तुमची आठवण काढतात," असं म्हणाल्या. कशी काढतात ते मी विचारलं नाही.

हे मी मराठीत लिहितो आहे, म्हणजे त्यांना वाचता येणार नाही. ही चलाखी लिहायला बसलो तेव्हाच माझ्या लक्षात आली होती. बायकोला वाचता येईल. तिला आज दाखवणार आहे.

त्या बाईंना मी एक गोष्ट देणं लागतो. त्यांच्या नव्या घरी जायचं, समोर बसायचं आणि सांगायचं की घर त्या दिवशी रिकामं होतं आणि ते मी तुम्हाला तुमच्या रंगामुळे दिलं नाही. मी ते अजून केलेलं नाही.